घरातली एकच ट्यूब सगळ्यांना चालते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. आई साठीच्या पुढच्या, गुडघे दुखतात, मधुमेह आहे आणि हृदयाची झडप बदलल्यामुळे रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे. धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो आणि सारखा घोटा मुरगळून घेतो. वडिलांची कंबर धरते. विचारणाऱ्या ताई शिवणकाम करतात, त्यांचा उजवा अंगठा मुळापाशी ठणकतो. घरात दुखण्यावरच्या मलमाची एक मोठी ट्यूब असते आणि ज्याचे जे दुखेल तिथे तीच चोळली जाते. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर कुणी काय लावावे?

ताई, आधी आईंचे सांगतो, कारण ते आजच करायचे आहे. घरातली ट्यूब उलटी करा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. तिथे मिथाइल सॅलिसिलेट लिहिले असेल तर ती आईंच्या गुडघ्याला लावणे थांबवा. आयुर्वेदिक बाम असेल तर हाच पदार्थ ‘गंधपुरा तेल’ या नावाने छापलेला असतो, कारण गंधपुऱ्याच्या तेलात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेटच असते. मेडिकलमध्ये सर्रास मागितल्या जाणाऱ्या व्होलिनीसारख्या जेलमध्ये ते असते आणि मूव्ह, आयोडेक्स, झंडू बाम यांतही ते गंधपुऱ्याच्या रूपाने असते. हा पदार्थ ॲस्पिरिनच्या कुळातला. कातडीतून तो रक्तात उतरतो. वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने तो रोज, भरपूर, मोठ्या भागावर लावला तर रक्त ठरल्यापेक्षा जास्त पातळ होते. अशी उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

म्हणून पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. दात घासताना हिरडीतून रक्त, कुठे आपटल्याचे आठवत नसताना अंगावर निळे डाग, काळी शौच, लघवीला लालसर रंग, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. काही दिसले नाही तरी पुढच्या आयएनआर तपासणीच्या (रक्त किती पातळ आहे हे पाहायच्या तपासणीच्या) वेळी ‘आम्ही हे मलम लावत होतो’ असे आवर्जून सांगा. लावायच्या औषधाला लोक औषध समजत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी ‘आणखी काय चालू आहे?’ विचारले तरी ट्यूबचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: थांबवायचे ते मलम. झडपेची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा चुकवायची नाही.

आता ट्यूबमध्ये असते काय ते पाहू. औषधाच्या दुकानात उभे राहून इतकी वर्षे झाली, पण ‘दुखण्यावरचं काहीतरी द्या’ याच्या पलीकडे मागणी क्वचित जाते. खरे तर या सगळ्या मलमांत दोन अगदी वेगळ्या जातीची औषधे असतात. एक जात दुखण्याची जाणीव झाकते. दुसरी सूज उतरवते.

झाकणाऱ्यांत मेन्थॉल, कापूर, निलगिरी तेल आणि मिथाइल सॅलिसिलेट. मेन्थॉल लावले की गार वाटते, पण कातडी गार झालेली नसते. थंडी ओळखणारे मज्जातंतूंचे जे टोक असते, त्यालाच मेन्थॉल चेतवते आणि मेंदूला गारव्याचा निरोप जातो. त्या निरोपाच्या गर्दीत दुखण्याचा निरोप मागे पडतो. आराम खरा असतो, पण तासा-दोन तासांचा. सांध्यातली सूज होती तिथेच राहते. उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभे राहून आलेल्या माणसाला किंवा ऊसतोडीवरून परतलेल्या बाईला अंग मोडून आल्यावर एवढा आराम पुरतो, आणि त्यात काही वावगे नाही. अमृतांजन मुंबईत १८९३ साली निघाले आणि अजून विकले जाते. बामाचा हा उपयोग लोकांनी अनुभवानेच ठरवलेला आहे.

दुसऱ्या जातीत डायक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन, पायरॉक्सिकॅम अशी औषधे येतात. गोळीतून घेतो तीच ही औषधे, फक्त जेलच्या रूपात. सूज आणि दुखणे वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने शरीर जिथे तयार करते, तिथेच ती रोखतात. जेलचा मोठा फायदा असा की औषध लावल्या जागेच्या खालच्या ऊतींत मुरते, पण रक्तात फारच थोडे जाते. एका गुडघ्यावर पूर्ण मात्रेत डायक्लोफेनॅक जेल लावले तर रक्तात पोचणारे औषध गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के भरते. जठराला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला गोळीने जो त्रास होतो तो म्हणूनच जेलने बराच कमी होतो. ब्रिटनच्या २०२२ सालच्या अधिकृत मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी औषध सुरू करताना आधी हे लावायचे औषध द्यावे, गोळी नंतर, असेच सांगितले आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. आधी गोळी, तीही दुसऱ्याला लागू पडलेली, आणि जेल आपले वरून.

मात्र त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ताजा मुका मार, मुरगळणे, लचक यांवर डायक्लोफेनॅक जेल चांगलेच चालते. औषधांच्या चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात आठवडाभरात दहांपैकी सात-आठ जणांचे दुखणे निम्म्याने तरी उतरले होते. औषध नसलेले नुसते जेल लावणाऱ्यांत असा गुण दहांपैकी दोघांनाच आला. जुन्या झिजलेल्या गुडघ्यावर मात्र फरक लहान आहे: सहा ते बारा आठवड्यांनी शंभरांतल्या साधारण ६० जणांना चांगला उतार, तर नुसत्या जेलवर ५० जणांना. म्हणजे उपयोग आहे, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. शिवाय औषध किती खोल पोचते यालाही सीमा आहे. गुडघा, घोटा, मनगट, बोटे, कोपर हे सांधे कातडीच्या लगेच खाली असतात. खुबा मात्र स्नायूंच्या जाड थराखाली दडलेला असतो, तिथे वरून कितीही थापले तरी पोचत नाही.

आपल्या बाजारातल्या बहुतेक ट्यूबांत या दोन्ही जाती एकत्र कालवलेल्या असतात. डायक्लोफेनॅक, जवसाचे तेल, मिथाइल सॅलिसिलेट, मेन्थॉल, काहींत वर मिरचीतले कॅप्सेसिनही. गिऱ्हाइकाला लगेच गार-गरम वाटले नाही तर ‘ही ट्यूब चालत नाही’ म्हणून परत येते, हे त्यामागचे एक कारण असावे असे माझे मत आहे. नुसते डायक्लोफेनॅकचे जेलही मिळते, पण ते नाव घेऊन मागावे लागते.

आता मात्रा. सगळ्यात जास्त गडबड इथे होते. काउंटरवर मी लोकांना नेहमी करून दाखवायला सांगतो, की घरी कसे लावता? दहांतले नऊ जण हरभऱ्याएवढे जेल बोटावर घेतात आणि पाच मिनिटे जोर लावून चोळतात. औषध कमी आणि चोळणे जास्त. डायक्लोफेनॅकच्या जेलची मात्रा एका मोठ्या सांध्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा अशी आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. गुडघ्याला कमीत कमी अशा चार रेघा लागतात. म्हणजे दिवसाला तीनदा लावले तर ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला पाच दिवसांत संपायला हवी. जी ट्यूब तीन महिने पुरते, तिच्यातले औषध गुडघ्यापर्यंत पुरेसे पोचलेलेच नसते. उलट टोकही गाठू नका. पाठ, दोन्ही गुडघे, खांदे, पोटऱ्या असे सगळीकडे एकदम लावले तर तो ६ टक्क्यांचा हिशेब उरत नाही, आणि सोबत त्याच औषधाची गोळी चालू असेल तर फायदा फारसा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो.

लावायची पद्धत साधी आहे. कातडी धुऊन कोरडी करायची, जेल पसरायचे, हलक्या हाताने जिरवायचे, दहा मिनिटे कपडा लागू द्यायचा नाही, तासभर पाणी लावायचे नाही. हात साबणाने धुवायचे. अर्थात हाताचेच दुखणे असेल तर तासाने. जखम, खरूज, पुरळ यांवर लावायचे नाही. कीटोप्रोफेनचे जेल असेल तर लावलेला भाग उन्हापासून झाकायचा, आणि बंद केल्यावरही दोन आठवडे झाकायचा. शेतात काम करणाऱ्यांना हे मी दोनदा सांगतो, कारण या औषधावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी लाल होऊन फोड येऊ शकतात.

भाजण्याचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो. एक बाई पाठ दाखवायला दुकानात आल्या होत्या. कंबरेवर हाताच्या पंजाएवढा लालभडक पट्टा, मध्ये पाणी धरलेले फोड, आणि कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. त्यांनी जळजळणारे मलम जाड थापले होते, वर इलास्टिकची पट्टी आवळली होती आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपल्या होत्या. मलमही चांगले होते आणि पिशवीही. दोन्ही एकत्र आल्याने कातडी भाजली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१२ मध्ये याच प्रकारच्या भाजण्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यातली बहुतेक गंभीर प्रकरणे मेन्थॉल ३ टक्क्यांहून जास्त, किंवा त्यासोबत मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांहून जास्त असलेल्या मलमांची होती. आपल्याकडच्या कित्येक ट्यूबांत मेन्थॉल ५ टक्के असते. म्हणून मलम लावल्यावर शेक नाही, पट्टी आवळायची नाही, गरम पाण्याने लगेच अंघोळ नाही. जळजळ सुसह्य आहे तोवर ठीक. आग होऊ लागली की साबणाने धुऊन टाकायचे. आईंना मधुमेह आहे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजतेय हे त्यांना कळणारही नाही, त्यामुळे पावलांना जळजळीचे काहीही लावू नका.

आता भाऊ. घोटा मुरगळल्यावर पहिले दोन दिवस चोळायचे नाही, तेल नाही, शेक नाही. कोल्हापुरात हे सांगणे अवघड जाते हे मला माहीत आहे. गंगावेश काय, मोतीबाग काय, तालमीत वाढलेल्या गावाला मालिश म्हणजे औषधाचा राजा वाटतो. पण पैलवानाची मालिश ही धडधाकट, मेहनत करून थकलेल्या स्नायूंची असते. ताज्या मुरगळीत आतले दोरे ताणलेले वा फाटलेले असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत असते. तिथे रगडले की रक्तस्राव आणि सूज वाढते, हे त्याच तालमीतले जाणते वस्तादही सांगतील. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. पाय उंचावर. क्रेप बँडेज बेताचे घट्ट. बर्फाच्या वेळा सोडून डायक्लोफेनॅकचे जेल हलक्या हाताने लावावे, त्यावर बँडेज लगेच बांधू नये, आधी जिरू द्यावे. मैदानावर मारतात तो स्प्रे तेवढ्यापुरता बधिरपणा आणतो. त्या बधिरपणावर विसंबून उरलेला अर्धा सामना खेळणे म्हणजे दुखापत वाढवून घेणे. स्प्रे पेट घेतो, म्हणून स्वयंपाकघरात गॅसजवळ मारू नये.

एक्स-रे कधी काढायचा? कॅनडात १९९२ साली ठरवलेले ओटावा नियम जगभर वापरतात. घोट्याची दुखापत झाल्यावर, लगेचही आणि डॉक्टरांकडे पोचल्यावरही, चार पावले स्वतःच्या पायावर टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या कोणत्याही एका बाजूच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडल्याची शक्यता धरून फोटो काढायचा. पायाच्या पंजाची बाहेरची कड किंवा आतल्या कमानीचा उंचवटा दाबल्यावर दुखला तरीही. तोवर हाडवैद्याकडे ओढून घ्यायला जाऊ नका.

वडिलांच्या कंबरेला मलमाचा उपयोग मर्यादित आहे. कंबरेच्या दुखण्यावर लावायच्या औषधांचा पुरावा तोकडा आहे. उसण भरली असेल तर शेक आणि हळूहळू हालचाल यांनी जेवढे बरे वाटते तेवढे ट्यूबने वाटेलच असे नाही. रात्री बामाने झोप लागत असेल तर लावावा, माझी हरकत नाही. पण पायात मुंग्या, पाऊल उचलताना लुळेपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा बसायच्या जागी बधिरपणा असे काही असेल तर मलमात एक तासही घालवायचा नाही, सरळ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे मोठे रुग्णालय. आणखी एक गोष्ट वडिलांच्या वयाच्या प्रत्येकाला सांगतो. डावा खांदा, दोन खवाट्यांमधली पाठ, जबडा दुखतोय, सोबत घाम, धाप, मळमळ आहे, तर तिथे बाम चोळत बसू नका. हृदयविकाराचा झटका असाही येतो, आणि ‘वात धरला असेल’ म्हणून चोळण्यात रात्र गेली की हृदयाचा स्नायू हातचा जातो.

ताई, तुमच्या अंगठ्याला मात्र जेल चांगले लागू पडावे, कारण दुखणारी जागा कातडीला लागून आहे. नुसते डायक्लोफेनॅकचे जेल, पेरावरच्या दोन ते चार रेघा, दिवसातून तीनदा, आठवडाभर. शिवताना कापडाला मेन्थॉलचा वास लागत नाही हाही त्याचा फायदा. पण कात्री तीच, तासही तेवढेच, तर दुखणे परत येणार. मोठ्या कात्रीने जाड कापड कापताना मधेमधे थांबा, अंगठ्याला आधार देणारा पट्टा काही दिवस वापरा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ॲस्पिरिनने किंवा दुखण्याच्या गोळीने कधी दमा उसळला असेल तर हे जेलही टाळा. घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, शेवटच्या तीन महिन्यांत तर नाहीच.

पुन्हा आईंकडे येतो. त्यांना मग काय लावायचे? नुसत्या डायक्लोफेनॅक जेलमध्ये मिथाइल सॅलिसिलेटची भानगड नाही, पण झडपेची गोळी चालू असताना तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, एकाच गुडघ्यावर, ठरलेले दिवस आणि मध्ये आयएनआर तपासून. दुसरा पर्याय मिरचीचा. कॅप्सेसिन म्हणजे लवंगी मिरचीला तिखटपणा देणारे द्रव्य. मज्जातंतूच्या टोकावरच्या ज्या प्रथिनावर ते काम करते, ते उष्णता ओळखणारे प्रथिन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ साली शोधले आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापौटियन यांच्यासह मिळाले. तेच टोक पुन्हापुन्हा चेतवले की ते थकते आणि दुखण्याचे निरोप धाडेनासे होते. म्हणून हे मलम अधूनमधून लावून काहीच होत नाही. ०.०२५ टक्क्याचे मलम दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता, दोन ते चार आठवडे लावले तर गुण दिसतो. पहिला आठवडा चुणचुण होते, पुढे ती कमी होत जाते. घेताना त्यात सॅलिसिलेट कालवलेले नाही ना, हे तपासा. लावल्यावर हात आधी तेलाने पुसून मग साबणाने धुवा, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि तोच हात डोळ्याला लागला तर फार हाल होतात.

याहून जास्त उपयोग आईंना मांडीच्या पुढच्या स्नायूच्या व्यायामाचा होईल. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांचे दहा-दहा, दिवसातून तीन वेळा. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे टाळले, रंकाळ्यावर सपाट रस्त्याने रोज सोसेल तेवढे चालले, तर मलमाची गरजच कमी होते. गुडघा एकाएकी लाल, गरम, टम्म सुजला आणि ताप आला तर ती झीज नाही, आत जंतुसंसर्ग असू शकतो किंवा रक्त साठलेले असू शकते. त्या दिवशी काहीही न लावता डॉक्टर.

लहान मूल घरात येत-जात असेल तर या सगळ्या ट्यूबा आणि बाटल्या उंचावर ठेवा. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, ॲस्पिरिनच्या विसाहून जास्त गोळ्यांएवढे सॅलिसिलेट असते. छोट्या पोराच्या जिवावर बेतायला तेवढे पुरे आहे. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला बाम लावायचा नाही.

आणि ज्यांच्या दारात म्हैस आहे त्यांच्यासाठी: माणसाचे डायक्लोफेनॅक लंगडणाऱ्या जनावराला टोचायचे नाही, लावायचेही नाही. मेलेल्या जनावरातल्या याच औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती देशभर संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅमसारखा चालणारा पर्याय आहे, तो मागा.

राहिला घरातल्या त्या मोठ्या ट्यूबचा प्रश्न. ट्यूबची मुदत तिच्या खालच्या दाबलेल्या कडेवर छापलेली असते, आणि आपण जेल वर आणायला नेमकी तीच कड गुंडाळत जातो. ती उलगडून तारीख पाहा. मुदत शिल्लक असेल तर वडील आणि भाऊ वापरू शकतात. तुमच्यासाठी नुसत्या डायक्लोफेनॅकची छोटी ट्यूब वेगळी घ्या. आईंच्या मलमावर मार्करने ‘आई’ लिहा आणि आणल्या दिवशीच तारीख वरच्या टोपणाजवळ लिहून ठेवा. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये जाताना आईंच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या आणि ट्यूब मागायच्या आधी ती काउंटरवर ठेवा.